एक शेड वर

चंद्रप्रकाश चिंदरकरला मेकअपच्या धंद्यात एकतीस वर्षं झाली होती, आणि या एकतीस वर्षांत एकही माणूस त्याने जसा खुर्चीत बसला तसा कॅमेऱ्यासमोर जाऊ दिला नव्हता. त्याचा नियम एकच होता: एक शेड वर. गव्हाळ असेल त्याला गोरा करायचा, गोरा असेल त्याला आणखी गोरा करायचा, आणि सावळा असेल त्याला आधी धीर द्यायचा आणि मग गव्हाळ करायचा. मालिकेतल्या सासवा, सुना, नणंदा, गणपतीच्या एपिसोडपुरते येणारे भटजी, सगळे त्याच्या हाताखालून एक पायरी चढूनच बाहेर पडत. "चेहरा म्हणजे भिंत," तो म्हणायचा. "आधी चुना, मग नक्षी."

हे शहाणपण त्याला वडिलांकडून आलं होतं असं तो सांगायचा, पण ते काही खरं नव्हतं. वडील गिरणीत कामाला होते आणि कामगारांच्या नाटकांची रंगभूषा हौसेने करायचे. ते गावाकडे दशावतारी नटांच्या पेटाऱ्याशेजारी बसून शिकलेले. त्यांना राक्षस राक्षसासारखा हवा असे आणि देव देवासारखा. गोरा हवा की काळा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. गिरणी बंद पडली, वडील गेले, पेटी राहिली. ती घेऊन चंद्रप्रकाश अंधेरीच्या स्टुडिओंत शिरला आणि तिथल्या लोकांनी त्याला पहिल्याच आठवड्यात काय ते शिकवलं. "दादा, थोडा उजळ करा ना." हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे समोरच्याने ते म्हणायची गरजच उरली नाही.

त्याच्या पेटीत एकोणीस डबे होते. अठरा डबे गोऱ्यापासून गव्हाळपर्यंतचे. एकोणिसावा डबा काळपट तपकिरी, आणि तो गरिबांसाठी होता. म्हणजे एखादी गोरीपान नटी मोलकरीण किंवा वीटभट्टीवरची बाई झाली, की तो डबा निघायचा. खऱ्या काळ्या माणसाला त्यातलं बोटभर लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि यात काही विचित्र आहे असं त्याच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

आता स्वतः चंद्रप्रकाश रंगाने कसा होता? तव्याच्या बुडासारखा, असं त्याची आई म्हणायची, आणि कौतुकाने म्हणायची. पुरुषाचा रंग कोण बघतो? त्याला वेंगुर्ल्याची नाकीडोळी नीटस, गोरी सुलक्षणा मिळाली, मरोळला बिल्डिंगमध्ये वन रूम किचन झालं, सगळं झकास चाललं होतं. फक्त मुलगी झाली ती बापाचा रंग जसाच्या तसा उचलून आली. बारशाला आलेल्या बायकांनी "नाक मात्र आईचं हं" म्हणून जे सांत्वन केलं, ते सुलक्षणा अठ्ठावीस वर्षांत विसरली नव्हती.

मुलीचं नाव ऋतिका. चकाल्याला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, हुशार, कमी बोलणारी. दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळी चंद्रप्रकाशने तिला ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसवलं होतं, स्वतःच्या हाताने चेहरा केला होता आणि स्वतःच फोटो काढला होता. बाकीच्यांना एक शेड. पोटच्या पोरीला दोन. दोन्ही वेळी फोटो पसंत पडला, बघण्याचा कार्यक्रम छान झाला आणि नंतर मुलाला ती एकटी, लॅबमधून परस्पर, धुतल्या तोंडाने कुठेतरी कॉफी प्यायला भेटली, की दोन दिवसांनी फोन यायचा. पहिल्यांचं म्हणणं मुलाला परदेशी जायचंय. दुसऱ्यांचं म्हणणं मुलाच्या आजीची तब्येत बरी नाही.

तरी चंद्रप्रकाश हटला नव्हता. पोरीचं लग्न माझ्या हातात आहे, हे तो अक्षरशः मानायचा. ती लहान असल्यापासून तिला जवळ घ्यायची त्याला एकच रीत माहीत होती. हनुवटीला दोन बोटं लावायची, चेहरा उजेडाकडे वळवायचा आणि कामाला लागायचं. ती डोळे मिटून गप्प बसायची. तिला आवडतं, असं त्याने धरून चाललं होतं.

आता तिसरं स्थळ आलं होतं. मुलगा निलेश, बोरिवलीचा, घर मूळचं कणकवलीकडचं. पत्रिका जुळली, फोटो आवडला, पुढच्या रविवारी अकरा वाजता ते येणार होते. सुलक्षणाने पडदे धुवायला काढले. आणि नेमकं त्याच आठवड्यात चंद्रप्रकाशला ते सिनेमाचं काम आलं.

काम म्हणजे सिनेमा असा की ज्यात व्हॅनिटी व्हॅन नाही, जेवण दिग्दर्शिकेच्या आईच्या हातचं आणि सगळं युनिट मिळून बारा माणसं. दिग्दर्शिका इरावती, मुलुंडची, तिशीच्या आतबाहेरची. मालिका संपल्यामुळे चंद्रप्रकाश घरीच होता, म्हणून हो म्हणाला. गोष्ट तिने त्याला फोनवरच सांगितली. घाटकोपरच्या मराठी घरातली एक नर्स आणि टांझानियाहून शिकायला आलेला मुलगा यांचं प्रेम, आणि ते कळल्यावर घरात जे होतं ते.

"आफ्रिकन?" चंद्रप्रकाशने विचारलं. "काळा?"

"हो दादा, काळा," इरावती म्हणाली. "त्याचीच तर गोष्ट आहे."

शूटिंग मरोळच्याच गावठाणात, क्लेमेंट अंकल नावाच्या एका म्हाताऱ्याच्या घरात होतं. नायिकेचं काम करणारी शुभा नाटकातली मुलगी, ती खुर्चीत बसताच सवयीने म्हणाली, "दादा, दोन शेड वर हं." तिचं आटोपल्यावर नायक आला. त्याचं नाव बराका. उंच, काटक, पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेला, हिंदी चांगलं आणि मराठी कामापुरतं. आजवर त्याने दोन मालिकांत काम केलं होतं आणि दोन्हीत पोलिसांचा मार खाल्ला होता. वाकून नमस्कार करून तो खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि चेहरा वर केला.

चंद्रप्रकाशने पेटी उघडली आणि तीनदा वरखाली बघितली. एकोणिसावा डबा बराकाच्या रंगापुढे जास्त दूध पडलेल्या चहासारखा दिसत होता. पण एकतीस वर्षं हात चालवलेला माणूस तो. त्याने डाव्या हाताच्या पाठीवर तो डबा घेतला, त्यात सवयीने अकरा नंबर मिसळला, म्हणजे एक शेड वर, आणि स्पंज चालवायला लागला. हलक्या हाताने, मायेने. नाकाच्या कडा, डोळ्यांखालची खळगी, कानाची पाळी. वीस मिनिटं तो त्या चेहऱ्यावर राबला. पोरगं परकं, एकटं, इतक्या लांबून आलेलं; पडद्यावर चांगलं दिसलं पाहिजे, असंच त्याच्या मनात होतं.

पहिला शॉट झाला. कॅमेऱ्यावर मेल्विन होता, तो मॉनिटरकडे बघत नुसताच डोकं खाजवत राहिला. इरावती उठून आली.

"दादा, जरा बघता?"

चंद्रप्रकाशने बघितलं. पडद्यावर बराकाचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा करडा दिसत होता. मान वेगळी, हात वेगळे, चेहरा मेलेला. शेजारी शुभा चुन्यासारखी. दोघं प्रेमात पडलेले नव्हते, दोघं पिठाच्या गिरणीतून आलेले होते.

"पुसून टाका," इरावती शांतपणे म्हणाली. "दोघांचंही."

"मॅडम, एकतीस वर्षं झाली मला," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याचा आवाज चढला. "मोठमोठ्या लोकांचे चेहरे केलेत या हाताने. पुसायचंच होतं तर मला बोलावलंत कशाला?"

"घाम पुसायला आणि चकाकी घालवायला, दादा. बाकी ते जसे आहेत तसे हवेत. आणि घाम पुसणं सोपं नाहीये, तुम्हाला माहितीय."

सगळ्या युनिटसमोर ती असं बोलली. चंद्रप्रकाशच्या कानशिलांत रक्त चढलं. पेटी उचलून घरी जावं असं त्याला फार वाटलं, आणि गेलाही असता. पण बराका आधीच खुर्चीत येऊन बसला होता, डोळे मिटून, चेहरा वर करून. मग कापूस आणि तेल घेऊन तो पुसायला लागला. राख निघत गेली आणि खालून चेहरा येत गेला.

"तुला कळलं होतं ना रे?" त्याने हिंदीत विचारलं. "आरशात दिसत होतं तुला. मग बोलला का नाहीस?"

बराकाने डोळे उघडले. "दादा, सब लोग यही करते हैं," तो म्हणाला. "बाकी लोग जल्दी-जल्दी करते हैं. आप इतने प्यार से कर रहे थे. कैसे बोलता?"

चंद्रप्रकाशचा कापूस थांबला. हे वाक्य बराकाने काही टोचायला म्हटलं नव्हतं, खरंच तसं वाटलं म्हणून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते जिव्हारी लागलं. डोळे मिटून, हनुवटी वर करून गप्प बसलेलं दुसरं एक माणूस त्याच्या घरात होतं. त्याने कापूस परत चालवायला घेतला.

पुढचे दिवस त्याने जे केलं, ते त्याच्या वयाच्या दुसऱ्या मेकअपदादाने केलं नसतं, हे कबूल करायला हवं. तो शिकला. गुरुवारी सकाळी वर्सोव्याला जेट्टीवर शूटिंग होतं, मढला जाणाऱ्या फेरीबोटीचं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींपलीकडे बराका आणि शुभा उभे होते आणि ऊन थेट तोंडावर येत होतं. चंद्रप्रकाश मेल्विनच्या मागे उभा राहून नुसता बघत होता. त्याला दिसलं की त्या काळ्या रंगात एक रंग नाहीच. कपाळावर तो तांबूस आहे, डोळ्यांखाली जांभळट, गालाच्या हाडावर ऊन पडलं की पितळेसारखा. यात पांढरं घातलं की राख होते. लालसर नारिंगी घातलं तर जिवंत राहतं. हे त्याने स्वतःच्या हाताच्या पाठीवर करून बघितलं. ज्या हातावर एकतीस वर्षं दुसऱ्यांचे रंग कालवले, तो हात कुठल्या रंगाचा आहे हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

शनिवारी नायिकेच्या बापाचा सीन होता. मुलगी सांगते, बाप चिडतो, टेबलावरचा तांब्या फेकतो, असं लिहिलेलं. दोन वेळा तांब्या फेकून झाला तरी इरावतीचं समाधान होईना. ती कडेला उभ्या चंद्रप्रकाशकडे वळली.

"दादा, तुम्ही सांगा. असा बाप असं करेल?"

"नाही करणार," चंद्रप्रकाश म्हणाला. "तो ओरडायचा पण नाही. तो चांगला माणूस आहे ना? मग तो म्हणेल, आमचं काही नाही गं बाळा, आम्हाला चालतंय. पण लोकांची तोंडं कोण धरणार? आम्ही तुझ्यासाठीच म्हणतोय."

इरावतीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नटाने ते म्हटलं, अगदी हळू आवाजात, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत. सगळ्यांनी चंद्रप्रकाशची पाठ थोपटली. त्याला मात्र स्पंज धुवायला बाहेर मोरीवर जावं लागलं, कारण ते वाक्य त्याने रचलेलं नव्हतं. ते तो वर्षानुवर्षं घरात म्हणत आला होता.

रविवार उजाडला. शूटिंगला सुट्टी. पोह्यांचा कांदा चिरून तयार, नवे कप बाहेर काढलेले, सुलक्षणा नऊ वाजल्यापासून घड्याळाशी भांडत होती. साडेदहाला तिने पेटी आणून टेबलावर ठेवली, स्टूल ट्यूबलाइटखाली सरकवलं आणि हाक मारली. ऋतिका जांभळी साडी नेसून आली, स्टुलावर बसली आणि डोळे मिटले.

चंद्रप्रकाश तिच्यासमोर उभा राहिला.

"आज मेकअप नको," तो म्हणाला.

ऋतिकाने डोळे उघडले. "काय?"

"आहेस तशी चांगली आहेस. चल, ऊठ."

त्याला वाटलं होतं ती हसेल, कदाचित रडेल, गळ्यात पडेल. पुरुषाला उशिरा अक्कल आली की त्याला बक्षिसाचीही अपेक्षा असते. ऋतिकाचा चेहरा मात्र ताठ झाला.

"आज?" ती म्हणाली. "अर्ध्या तासात ती माणसं येणारेत. त्यांच्या मोबाइलमध्ये तुम्ही केलेला चेहरा आहे, बाबा. दाराशी त्या फोटोशी ताडून बघणार ते मला. आणि आज तुम्हाला सुचतंय नको म्हणून? तुमच्या सिनेमाचं शहाणपण माझ्या अंगावर का काढता?"

"तसं नाही गं..."

"सहावीच्या गॅदरिंगला मी तुम्हाला विचारलं होतं. आठवतंय? मी विचारलं, बाबा, मी चांगली दिसत नाही का? तुम्ही काय म्हणालात माहितीय? तुम्ही म्हणालात, थांब, करतो."

चंद्रप्रकाशला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं हेच वाईट होतं. आपण ते किती सहज म्हटलं असेल, स्पंज पिळता पिळता, हे त्याला अगदी स्पष्ट कळलं.

"काय चाललाय काय तुमचा?" सुलक्षणा स्वयंपाकघरातून बाहेर आली. चिडली की ती मालवणीवर उतरायची. "तुमका काय कळता की नाय? वाट लावतलात पोरीची. लावा लवकर काय ता!"

"लावा, बाबा," ऋतिका म्हणाली आणि परत डोळे मिटले. "फोटोतल्यासारखं लावा."

त्याने स्पंज उचलला, पाच नंबरचा डबा उघडला. हात चेहऱ्याजवळ नेला आणि तिथेच राहिला. मग त्याने स्पंज खाली ठेवला आणि स्टुलासमोर जमिनीवर, गुडघे करकरत असताना, मांडी घालून बसला.

"फोटोचं मी सांगतो त्यांना," तो म्हणाला. "दारातच सांगतो. तू एक अक्षर बोलायचं नाहीस. खोटं मी बोललोय ना? मग मान मी खाली घालीन. तुझ्या अंगावर काही येणार नाही."

ऋतिकाने डोळे उघडले.

"आणि तुला कसं हवंय ते सांग," तो म्हणाला. "तसं करतो."

"मला काय माहीत?" ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "मला कधी विचारलंय कुणी?"

मग चंद्रप्रकाश उठला. त्याने ट्यूबलाइट बंद केली, स्टूल खिडकीशी नेलं, तिला उजेडात बसवलं. हनुवटीला बोटं लावण्याआधी तो पहिल्यांदाच नुसता बघत राहिला. कपाळावर आजीचा तांबूसपणा होता. ओठांच्या कडेला किंचित निळसर झाक होती. गाल हाडाशी तेलकट, पितळी. मग त्याने हाताच्या पाठीवर एकोणिसावा डबा घेतला, त्यात नारिंगी कालवलं, थोडं लाल, पिवळ्याचा एक ठिपका, आणि तिच्या जबड्याच्या कडेला, मानेच्या जोडावर लावून बघितलं. दिसलं. म्हणजे चुकलं. पुसलं. परत कालवलं.

बेल वाजली.

"आले!" सुलक्षणाने पदर खोचला. "अहो, आले ते!"

"थांबू देत जरा," चंद्रप्रकाश म्हणाला.

सुलक्षणाला कानांवर विश्वास बसेना. मुलीच्या बापाने मुलाकडच्यांना दाराबाहेर उभं करायचं, हे तिच्या माहेरी-सासरी सात पिढ्यांत घडलं नव्हतं. बेल दुसऱ्यांदा वाजली. चंद्रप्रकाशने चौथ्यांदा कालवलेला रंग बोटाने तिच्या जबड्यावर फिरवला आणि उजेडात बघितलं. काही दिसलं नाही. बोट जिथे फिरलं ती जागा सापडेना. तेच त्याने डोळ्यांखाली दोन ठिकाणी लावलं, जिथे लॅबमधल्या जागरणाने काळवंडलं होतं, आणि काजळाची डबी तिच्या हातात दिली.

"हे आत जाऊन तू लाव," तो म्हणाला आणि दार उघडायला गेला.

बाहेर निलेश, त्याची आई आणि काका उभे होते. चंद्रप्रकाशने हात जोडले, या म्हटलं, चपला इथे काढा म्हटलं, आणि ती माणसं खुर्चीत टेकायच्या आतच सांगून टाकलं. "एक आधी सांगतो. तुमच्याकडे फोटो आहे तो माझ्या मुलीचा आहे, पण रंग तिचा नाही. मी मेकअपवाला आहे. मी तिला त्यात दोन शेड गोरी केलीय. तिने नव्हतं सांगितलं, मीच केली. चूक माझी आहे, माफी मागतो." आणि त्याने खरोखरच मान खाली घातली. सत्तावन्न वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात परक्या लोकांसमोर मान खाली घालून उभा होता, आणि स्वयंपाकघराच्या दारात ऋतिका पोह्यांचा ट्रे घेऊन आली होती.

सुलक्षणाने भिंतीचा आधार घेतला. शेवटी निलेशच हसला. "काका, मग मीपण सांगून टाकतो," तो म्हणाला. "माझ्या फोटोतले केस चार वर्षांपूर्वीचे आहेत." त्याच्या आईने त्याच्या गुडघ्यावर चिमटा काढला, तो सगळ्यांना दिसला. मग पोहे झाले, चहा झाला, गावाकडच्या आंब्यांची चौकशी झाली. निलेश आणि ऋतिका गॅलरीत उभे राहून दहा मिनिटं बोलले आणि दोनदा हसलेही. निघताना त्याची आई अगदी गोड बोलली. कळवतो, म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. पत्रिका परत एकदा दुसऱ्या गुरुजींना दाखवली, एकनाड निघाली, मुलगी लाखात एक आहे हो, पण काय करणार. चंद्रप्रकाशने "असू दे, असू दे" म्हणत फोन ठेवला. सुलक्षणाने नवे कप कागदात गुंडाळून वर माळ्यावर ठेवून दिले. ती रविवारपासून त्याच्याशी बोलत नव्हती, आणि तिची तरी काय चूक? तिच्या डोळ्यांसमोर हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

ऋतिका लॅबमधून आली तेव्हा तो गॅलरीत बसला होता. शूटिंगचे दोन दिवस उरले होते आणि उद्या बराकाच्या चेहऱ्यावर कोणता उजेड येणार याचा विचार करायचा तो प्रयत्न करत होता. तिने पर्स ठेवली, आईकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"नाही म्हणाले," चंद्रप्रकाश म्हणाला. "गप्प बसलो असतो तर झालं असतं, कुणास ठाऊक. माझ्यामुळे गेलं बघ हे स्थळ."

"हो," ऋतिका म्हणाली. "तुमच्यामुळे गेलं."

त्याने मान डोलावली. हे ऐकायची त्याने तयारी ठेवली होती, तरी ते लागलंच. ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"आधीची दोन गेली ना, बाबा," ती थोड्या वेळाने म्हणाली, "ती माझ्यामुळे गेली असं वाटायचं मला."